वलीभाईंचे ओरिजिनल लायनर

आमच्या पिकअपच्या वयाची पोरं कॉलेजला गेली, आन ही बया अजून नारायणगावला टोमॅटो टाकती. पळायला एक नंबर. फकस्त थांबायचं तिच्या जीवावर येतं.

तीन महिन्यांत तीनदा ब्रेकचे लायनर बदलले. दुकानदार म्हणायचा, "भाऊ, कंपनीचाच माल हाय." कुठली कंपनी म्हणलं की लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायचा. डब्यावरचा होलोग्राम असा चमकायचा की त्यात बघून दाढी करावी, आन आतला लायनर खापरासारखा तुटायचा. शेवटी गाडी अवसरीच्या चौकात थांबता थांबंना आन थेट दादाभाऊच्या टपरीत शिरली. कुणाला लागलं नाय. पण शेजारी बसलेली आमची इंद्रायणी खाली उतरली आन म्हणाली, "परत ह्या गाडीत बसले तर नावाची इंद्रायणी नाय."

आन खरंच बसली नाय. माहेरी ओतूरला जायचं तर वडापच्या जीपमधी, चौदा माणसांत कोंबून. मागनं मी, रिकामी पिकअप घेऊन. जीपमधल्या बाया माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. पार लाज काढली राव. पण खरं सांगू? शेजारची सीट रिकामी असली की मला गाडी चालवायची गोडीच वाटंना. तिची कटकट नसंल तर रस्ता लई लांब वाटतो.

मग कुणीतरी नारायणगावच्या वलीभाईंचं नाव सांगितलं. जुन्या गाड्यांचं सामान इकणारा माणूस. त्यांनी माझा लायनर हातात घेतला, नखानं खरवडला आन म्हणाले, "ह्याच्या जागी चप्पल लावली असती तरी चाललं असतं." मग आतनं धुळीनं भरलेला एक डबा काढला. "हे आता बनतच नाय. दोन सेट उरलेत. एक माझ्या गाडीसाठी ठिवलाय, एक तुमी न्या. नीट बसवा."

नीट म्हंजे काय ते मला सांगायला लागतंय व्हय? बैल आणला, पाण्याची मोटर आणली, आमी आधी पूजा करतो. एवढी वणवण करून घावलेली वस्तू तशीच कशी बसवायची? लायनर पाटावर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, आन करडईचं घाण्याचं तेल घेऊन बैलाच्या शिंगांना चोळतो तसं झकास चोळलं. बसवलेही मीच. मेस्तरी कशाला पायजे, मला सगळं येतं.

संकष्टीला इंद्रायणीच्या हातापाया पडलो. "ओरिजिनल हायत, तुझी शपथ," म्हणलं. कशीबशी बसली, आन आमी लेण्याद्रीला निघालो. वाटंत एका उतारावर ब्रेक दाबला. कशाचं काय! गाडी जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली, म्हणून आज हे सांगायला मी हाय. इंद्रायणी केसांतला कडबा काढत उतरली. एक शब्द बोलली नाय. ती बोलली नाय की मला धडकी भरती.

गाडी पहिल्या गिअरवर रांगवत मी वलीभाईंच्या दुकानात गेलो. मागनं जीपनं ती आली. दुकानात चार गिऱ्हाइकं व्हती. त्यांच्यासमोर मी वलीभाईंना चोर म्हणलो, लबाड म्हणलो, तोंडाला येईल ते बोललो. वलीभाईंनी जॅक लावला, चाक काढलं, ड्रम उघडला, लायनरवर बोट फिरवून वास घेतला.

"कुंडलिकराव, ह्यात भजी तळायची व्हती का?"

"म्हंजे?"

"लायनर घासला तर गाडी थांबती. त्याला तेल लागलं की संपला त्यो. ह्यानं तर पोटभर पिलंय."

अख्खं दुकान हसलं. वलीभाई हसले नाय. चोर म्हणलेलं त्यांच्या जिव्हारी लागलं व्हतं, ते तोंडावर दिसत व्हतं. गुमान आत गेले, सोताच्या गाडीसाठी ठिवलेला सेट घेऊन आले आन बसवायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाई, चुकलो," मी म्हणलं.

"नुसतं चुकलो म्हणून भागतंय व्हय?" इंद्रायणी म्हणाली. "भाई, गाडी तुमी चालवा. मी शेजारी बसते. आन हे उभं ऱ्हात्याल उताराखाली, रस्त्याच्या मधोमध."

"वहिनी, असलं काय बोलता!" वलीभाई दचकले.

"ऱ्हातो उभा," मी म्हणलं.

दुकानामागं गल्लीचा उतार हाय. खाली जाऊन उभा राहिलो. वरनं पिकअप सुटली. पाय म्हणत व्हते, पळ. घटकाभरापूर्वी ज्याला चोर म्हणलो, त्याच्या पायाखाली आता माझा जीव. पण हललो नाय. पळालो असतो तर परत एकदा चोर म्हणल्यासारखंच झालं असतं.

गाडी थांबली. बंपरात आन माझ्या गुडघ्यात वीतभर जागा.

मी ड्रायव्हरच्या दाराशी गेलो. वलीभाई उतरायला लागले, तर इंद्रायणीनं त्यांना थांबवलं. "तुमीच चालवा भाई. घरी चला, चहा घेऊ." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, तुमी मागं हौद्यात बसा."

गुमान चढलो. ती गाडीत बसली व्हती, बास.