शेवटच्याने ओ द्यायची

पट्ट्याचं टोक लोंबत होतं — काळं, भिजलेलं, वीतभर — आणि बायकोच्या पावलागणिक तिच्या सॅकवर आपटत होतं, टप् उजवीकडे, टप् डावीकडे, आणि हे तो निघाल्यापासून बघत होता, आज तिसरा दिवस, आणि तीन दिवसांत त्याने तिला सांगितलं नव्हतं की बाई गं, तो पट्टा बकलातून सरकत चाललाय, सॅक एका खांद्यावर कलंडलीय, म्हणून तुझी मान दुखतेय. सांगायला काय, एक वाक्य. पण एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं, मग ती थांबणार, पुढचे थांबणार, मग सेनापती उलटे चालत येणार आणि बकल कसं आवळावं यावर भर वाऱ्यात व्याख्यान झोडणार. त्यापेक्षा दुखू दे मान. सकाळी ऊन होतं, आता डोंगराच्या खांद्यावर ढग टेकायला लागले होते आणि पट्टा आपटत होता.

सेनापती म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नाव त्यानेच ठेवलेलं, मनातल्या मनात. बाथरूमच्या फरशा विकता विकता या गृहस्थाच्या छातीत एकदा कळ आली, डॉक्टरने रोज थोडं चाला म्हणून सांगितलं, आणि हा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस थेट डोंगर चढायला लागला. बूट आणले, काठ्या आणल्या, पाऊस आत न घेणारं जाकीट आणलं — ते पाऊस आत घेत नव्हतं, पण घामही बाहेर सोडत नव्हतं, त्यामुळे आत हा उकडलेल्या बटाट्यासारखा. वर बोट ओलं करून हवेत धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, दुपारपर्यंत स्वच्छ. काल असंच स्वच्छ म्हणाला आणि तासाभरात गारा पडल्या, टोपीवर खडे मारल्यासारख्या. परवा म्हणाला वादळ येणार, तर दिवसभर असं ऊन की त्याच्या बायकोचं नाक सोललं. पण बोट वर करणं थांबलं नाही. दुरून डोंगर साजरे, असं पहिल्यांदा जो कोण म्हणाला तो नक्कीच आपल्या मेहुण्याबरोबर वर जाऊन आलेला असणार.

आणि त्या सेनापतीचा तो नियम. निघतानाच गाडीच्या टपावर हात ठेवून त्याने तो घोषित केला होता: ओळीने चालायचं, सगळ्यात पुढे मी, मग माझी बायको, मग ताई, मग भाऊजी. प्रत्येक वळणावर मी हाक देणार, आहात का? शेवटच्याने आधी ओ द्यायची. ती ऐकली की त्याच्या पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने, अशी ती माझ्यापर्यंत आली पाहिजे. ती येईपर्यंत मी एक पाऊल टाकणार नाही. स्वच्छ उन्हात, एकमेकांच्या घामाचा वास येतोय इतक्या अंतरावर, चार प्रौढ माणसं आलो, आलो, आलो म्हणत चालली होती... बालवाडीची सहल. भाऊजींनी — म्हणजे त्याने — पहिल्या वळणावर नुसतं हं केलं. दुसऱ्या वळणावर तेही केलं नाही. मग बायको मागे वळून बघायची, तो दिसला की पुढे तोंड करून म्हणायची, आलेत हो! आणि मोहीम पुढे सरकायची.

त्याला मुळी माणसांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची सवयच नाही, सगळी हयात लिफ्ट तपासण्यात गेली. इमारतीत शिरलं की मालक सांगतो, एकदम छान चालतेय साहेब, काही तक्रार नाही. छान! दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून दाराशी एक खटका असतो. दार लागलं की तो वर कळवतो, लागलं. आता जुनं दार अडतं, लिफ्ट मध्येच थांबते, लोक ओरडतात, मग कोणीतरी शहाणा त्या खटक्यात पुठ्ठ्याची घडी कोंबून ठेवतो. झालं. आता दार सताड उघडं असलं तरी खटका कळवतो, लागलं, लागलं. लोक खूश. वर्षानुवर्षं त्या उघड्या दारातून वरखाली करतात, आरशात केस नीट करतात. अशा किती घड्या त्याने चिमट्याने बाहेर काढल्या असतील, आणि दर वेळी मालकाच्या तोंडाकडे बघून त्याला एक थंड, स्वच्छ समाधान मिळालं होतं. माणूस फसवतो याचं नव्हे. इतक्या स्वस्तात फसतो याचं.

आता हे समाधानही संपणार होतं, निवृत्ती तोंडावर होती. आणि म्हणून तर ही मोहीम. मेहुण्याच्या घराचा खालचा मजला रिकामा झाला होता आणि ताई-भाऊजींनी तिथे राहायला यावं असं मेहुण्याच्या मनाने घेतलं होतं. लिफ्ट तपासणारा माणूस जन्मभर बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहिला, यावर मेहुणा दर भेटीत हसायचा. ताईचे गुडघे बघा, म्हणायचा. बायकोला जायचं होतं. ती बोलली नव्हती, पण जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती हल्ली कठड्याला धरून उभी राहायची आणि पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायची. डोंगरात चला, तिथे निवांत बोलू, शेवटच्या दिवशी काय ते सांगा, असं ठरलं होतं.

त्याचं ठरलेलं होतं. नाही. या माणसाच्या चपला आपल्या डोक्यावर चालणार, सकाळी गॅलरीतून बोट वर करून हा हवामान सांगणार, आणि उपकार म्हणून वरून भाजीच्या वाट्या खाली येणार — नाही. हा नकार त्याने तीन दिवस गालात धरलेल्या खडीसाखरेसारखा चघळला होता. खाली पोचायचं, बुटांचे बंद सोडायचे, आणि मेहुणा हात पसरून विचारेल तेव्हा, एकच शब्द. तो शब्द ऐकल्यावर त्या बटाट्याचं तोंड कसं होईल, हे बघण्यासाठी एवढे डोंगर चढणंही परवडलं असतं.

कालच्या मुक्कामाच्या झोपडीत तर हद्द झाली होती. बाहेर गारा वाजत होत्या, चुलीवर मोजे वाळत होते, आणि मेहुण्याची बायको — ही बाई गप्प बसली की आपण मरू असं समजणारी — त्याच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवून म्हणाली, भाऊजी, तुम्हाला परवाचं आवडलं ना, म्हणून मुद्दाम पुन्हा तसंच केलंय, मिरं जास्त घालून. आवडलं? परवाचं सूप त्याने अर्धं सोडलं होतं. मग मेहुण्याने सॅकमधून लोकरीची कानटोपी काढली, नवी कोरी, आणि लाजत लाजत पुढे केली: तुमचे कान गार पडतात म्हणे. त्याने टोपी घेतली आणि घडी करून बाजूला ठेवली. असली गोडगोड माणसं. लोणी लावायचं तर निदान कुठे लावतोय ते तरी बघावं. बायको शेजारी बसून सगळ्यांकडे बघून हसत होती, तिचं ते हसू, सगळं काही ठीक चाललंय असं सांगणारं...

ढग खाली आला. आला म्हणजे कसा, पाच मिनिटांपूर्वी समोरची दरी दिसत होती, आणि आता मेहुण्याचं लाल जाकीट गेलं, मग त्याच्या बायकोची सॅक, तिच्यावर वाळत टाकलेल्या मोज्यांसकट, गेली, आणि उरला नुसता पट्टा, टप् टप्. पायवाट एका बाजूने कड्याला धरून उतरत होती, दुसऱ्या बाजूला काय होतं ते आता दिसत नव्हतं हेच बरं. दगड ओले. तेवढ्यात त्याच्या बुटाचा बंद सुटला.

तो खाली वाकला. हाक आली, वाऱ्यात अर्धी विरलेली: आहात का?

आता बघू. बोटं गारठली होती, बंद भिजून फुगला होता, गाठ बसत नव्हती, आणि तो ओठ मिटून वाट बघत होता. आता ओ येणार नाही. आता सेनापती थबकणार, भाऊजी, भाऊजी करत काठ्या आपटत धुक्यातून धावत येणार, आणि मी इथे शांतपणे बूट बांधत बसलेलो असणार. काय झालं ओरडायला? म्हणणार मी.

"आलेत हो!" बायकोचा आवाज. बराच पुढून, मोकळा, खणखणीत.

"ठीक!" मेहुणा. आणि काठ्यांचा आवाज पुढे निघाला.

तो तसाच वाकलेला राहिला. ती वळली नव्हती. वळली असती तर दगडावर बूट घासल्याचा आवाज आला असता. अशा आवाजांवरच तर त्याचं पोट चाललं होतं. पहिल्या दिवशी ती वळून बघायची. काल? काल मान नुसती जरा फिरायची. आणि आज... आज सकाळपासून एकदाही नाही. त्याला आता आठवलं, सकाळपासून समोर फक्त सॅक आणि पट्टा. दार उघडं, आणि वर कळतंय, लागलं, लागलं. पुठ्ठ्याची घडी! तो जवळजवळ हसला. मग हसू अर्ध्यातच राहिलं, कारण वारा पडला होता आणि वारा पडला की धुक्यात आवाज कानाशी येऊन बसतो.

मेहुणा विचारत होता, घराचं काय ठरलं भाऊजींचं.

"हो म्हणालेत," बायको म्हणाली. "खूश आहेत. म्हणाले, या वयात आपलं माणूस जवळ असलेलं बरं."

पुढे कोणीतरी नाक ओढलं. मेहुणा भरल्या आवाजात काहीतरी म्हणाला, वरवर तसे दिसतात पण मनाने किती, असलं काहीतरी, आणि त्याची बायको म्हणाली की तिला ठाऊकच होतं, तरीच ते त्या दिवशी ताईंजवळ तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलले.

कोण बोललं? मी? केव्हा?

बंद हातातून सुटला. तीस वर्षं फोन तिने उचलले होते. ते म्हणतात फार छान झालं लग्न. ते म्हणतात यायला जमत नाही, पण आशीर्वाद कळवलेत. ते आठवण काढतात तुमची. तो पेपर वाचत बसायचा, ऐकायचा आणि मनात म्हणायचा, बडबडू दे, आपलं तोंड वाचतंय. तोंड वाचत होतं, आणि तिकडे एक माणूस तयार होत होता — सूप आवडणारा, कान गार पडणारा, आशीर्वाद कळवणारा. लोक त्याला ओळखत होते. लोकांना तो आवडत होता. टोपी त्याच्यासाठी होती, मिरं त्याच्यासाठी, खालचा मजला त्याच्यासाठी. आणि मी मध्ये बसून त्याची टोपी घडी करून बाजूला ठेवत होतो. खाली जाऊन नाही म्हटलं तर? हसतील. भाऊजी चेष्टा करतात, म्हणतील. फार तर तिच्याकडे बघतील, आणि ती सांगेल ते काय म्हणतायत.

पण मी मागेच आहे असं समजून ती हे बोलली, की मी नाही हे ओळखून? मागे असतो तर ऐकलंच असतं. म्हणजे तिला माहीत होतं, मी मागे पडलोय. आणि माहीत असून, या असल्या वाटेवर, आलेत म्हणाली?... की मी ऐकतोय हे धरूनच बोलली? ऐकून ऐकून मी काय करणार होतो?

त्याने बंद कसाबसा खोचला आणि तो निघाला, भराभर, हाताने कडा चाचपत. पुन्हा वळण असावं, कारण पुन्हा हाक आली, या वेळी अगदी थोडं पुढून: आहात का?

"आलो!" तो ओरडला. जन्मात एवढ्या मोठ्याने ओरडला नसेल, घसा खरवडला. आणि नेमकं त्याच क्षणी, तितक्याच जोरात, बायको ओरडली, आलेत हो!

"ठीक!" मेहुणा म्हणाला.

दोन्ही आवाज एकात एक गेले होते. त्यातला कोणता पुढे पोचला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. काठ्या पुढे निघाल्या. त्याने आत चाचपून पाहिलं, ती नेहमीची थंड, स्वच्छ जागा, जिथून ही सगळी माणसं लहान लहान दिसत... मूर्ख, असं म्हणून पाहिलं. म्हटलं, पण कोणाला, ते कळेना.

धुकं जरा फाटलं आणि पट्टा दिसला. टप्, टप्. आता बकलात जेमतेम नखाएवढा उरला होता. तो तिच्या पाठीशी पोचला, हात लांबवला असता तर लागला असता. घसा साफ केला.

"ऐक, पट्टा सुटतोय तुझा," तो म्हणाला.

"माहितीय," ती पुढे बघत, पाय जपून टाकत म्हणाली. "परवाच म्हणालात ना."

तो थांबला. ती चार पावलं पुढे गेली, पाच. मग तोही निघाला, तिच्या मागून, मध्ये एका माणसाला चालता येईल एवढी जागा सोडून.