सुनेचे आकडे

राजूरचे नागोराव कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले, पण संशय घ्यायच्या कामातून काही त्यांना सुटी मिळाली नाही. दूधवाला झाला, केबलवाला झाला, डॉक्टरही झाला. आता पाळी सुनेची होती.

सून मैत्रेयी दर रविवारी वणीला जायची. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी करते म्हणे. पूर्वी यासाठी नागपूर नाहीतर अमरावती गाठावी लागायची, आता वणीच्या एका कॉलेजातच वर्ग निघाले होते. पुढे एम.लिब., त्याच्याही पुढे पीएचडी.

"कपाटातून पुस्तक काढून द्याले पीएचडी?" नागोराव बायकोला म्हणाले. "अन् माहितीशास्त्र म्हंजे काय? कोणाची माहिती, कोणाले द्याची?"

"शिकू द्या ना पोरीले," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमचं काय जाऊन राह्यलं?"

शिकण्याला त्यांची ना नव्हतीच. त्या घरात शिक्षणाला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण परीक्षा जवळ आली तशी पोरगी भाजी चिरताना आकडे पुटपुटू लागली. सगळे तीन आकडी. फोनवर मैत्रिणीशीही तेच.

"निकिता, म्या सहाशे तेहेतीस लावलं. तू? नऊशे चोपन्न? नाही लागत ते इथं."

नागोरावांना वाटलं, हा तर आकड्यांवर पैसे लावायचा जुगार. याच सट्टापट्टीनं त्यांच्या धाकट्या भावाचं घर धुऊन नेलं होतं. तोही असाच पुटपुटायचा. सुनेला सरळ विचारावं, तर तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्यांनी कान लावले, आणि ऐकून ऐकून आकडे त्यांनाच पाठ झाले.

त्या रविवारी ती "प्रॅक्टिकलचा पेपर आहे" म्हणून निघाली. मुलगा राजदीप सकाळीच खाणीत उतरला होता. नागोराव मागच्या ऑटोनं वणीला पोचले. सून कॉलेजात शिरताना दिसली, तरी जिवाला चैन पडेना. आत काय चालतं कोणास ठाऊक! व्हरांड्यातून जाऊन त्यांनी खिडकीच्या गजांना चेहरा टेकवला.

आत खरोखरच पेपर चालू होता. मैत्रेयीनं मान वर केली आणि खिडकीत सासऱ्याचा चेहरा पाहिला. खाणवाल्यांच्या घरातलं माणूस असं अवचित शोधत आलं की बायकांना एकच सुचतं. पेन टाकून ती धावत बाहेर आली.

"बाबा, राजदीपले काय झालं?"

"काही नाही झालं वो."

"खरं सांगा! कुठं नेलं त्याले?"

"अवं, ठीक आहे तो. कामावर आहे."

ती भिंतीला टेकली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मंग तुमी कायले आले?"

उत्तर द्यायच्या आत पर्यवेक्षक सर दारात उभे राहिले. "कोण तुम्ही? काय सांगितलंत हिला? कॉपी पुरवता?"

"म्या? मले काय समजते त्यातलं?" नागोराव तडकले. "ते तुमचं सहाशे तेहेतीस, नऊशे चोपन्न—"

"सहाशे तेहेतीस, शेतातली पिकं. नऊशे चोपन्न, भारताचा इतिहास." सरांचा आवाज चढला. "ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या विषयांचे नंबर आहेत हे, आणि दोन्ही आजच्या पेपरात आहेत! पाठ करून आलात की! आता हिची कॉपीची केस होईल. वर्ष गेलं समजा."

मैत्रेयीचा चेहरा पांढरा पडला. वर्गातली सगळी पेनं थांबली होती, सगळ्या माना दाराकडे वळल्या होत्या. खोटं सांगून सुटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"साहेब, पोराची शपथ. तिची काही चूक नाही," ते हात जोडून म्हणाले. "म्या शक घेतला तिच्यावर. सून सट्टा खेळून राह्यली असं वाटलं मले. चोरून ऐकलं, तवा पाठ झाले हे आकडे."

सरांचा यावर विश्वास बसला नाही. मैत्रेयीचा बसला.