नऊ ते अकरा

धैर्यशील पुण्याहून नेतृत्वाचं तीन दिवसांचं शिबिर करून आला आणि सांगलीतल्या त्याच्या हळदीच्या कारखान्याच्या मागं साडेसाती लागली. आल्या आल्या त्यानं केबिनच्या दारावर पाटी ठोकली: ‘नऊ ते अकरा दार वाजवू नये.’ या दोन तासांत मालकानं म्हणे फक्त विचार करायचा. आतून कडी, कानांवर हेडफोन. कामगार चहाच्या निमित्तानं मशीन थांबवतात म्हणून मेन स्विचसुद्धा त्यानं केबिनमध्ये नेऊन बसवला. मोठी माणसं अशाच सवयींनी मोठी होतात, असं शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं. त्या सरांनी जन्मात हळदीचं एक पोतं उचललं असेल तर शपथ!

मानसिंग हा तिथला मुकादम. कोरेगावचा, फौजेतून हवालदार होऊन परतलेला. धैर्यशील त्याला लहानपणापासून काका म्हणायचा. शिबिरानंतर ‘सुपरवायझर’ म्हणायला लागला.

सोमवारी साडेनऊला मालाचा ट्रक आला म्हणून मानसिंगनं दार वाजवलं. हेडफोन नेमका चार्जिंगला लावलेला, म्हणून धैर्यशीलला ते ऐकू गेलं. तो बाहेर आला आणि सगळ्यांदेखत त्यानं मानसिंगच्या कानाखाली जाळ काढला.

“पाटी वाचता येत न्हाई?”

साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. धैर्यशीलचा तो हात मनगटातून पिरगाळणं मानसिंगला काही अवघड नव्हतं. पण हुकूम पाळण्यात उमर गेलेली. तो ताठ उभा राहिला आणि मुकाट्यानं ट्रककडं गेला.

मंगळवारी दहाच्या सुमाराला हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या पट्ट्यात गुंडा नावाच्या कामगाराची बाही अडकली. बाहीमागोमाग हात गेला. गुंडाची किंकाळी ऐकून त्याची बायको बनुबाई निवडायची हळद टाकून धावली आणि तिनं नवऱ्याच्या कमरेला मिठी घातली. ती मागं ओढत होती, पट्टा पुढं ओढत होता. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या शेडला ऐकू आला. पिवळ्या धुळीत रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या.

मानसिंग केबिनकडं पळाला. आणि इथंच त्याचं चुकलं. त्यानं बोटानं हळूच दार वाजवलं.

“मालक?”

कालचा गाल अजून ठणकत होता. तो थांबला. मग थोडं जोरात वाजवलं. मग दोन्ही मुठींनी.

“आवं मालक, गुंडा पट्ट्यात सापडलाय! स्विच पाडा!”

आत हेडफोन. बाहेर बनुबाई ओरडली, “दार फोडा की वं, भाऊ! कुणाची वाट बघताय?”

मानसिंगनं कोपऱ्यातली पहार उचलली. तिसऱ्या घावाला कडी निखळली. धैर्यशीलनं वळून बघितलं तर समोर काल थोबाडीत खाल्लेला माणूस, हातात पहार. त्याला वाटलं, हा सूड घ्यायला आला. शिबिरात मिळालेली पितळी ट्रॉफी टेबलावर होती, ती त्यानं मानसिंगच्या कपाळात हाणली. मानसिंग गुडघ्यावर आला. वरून छातीत लाथ बसली. कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलेलं, पुढचं नीट दिसेना. तरी तो उठला, त्यानं खांद्यानं धैर्यशीलला कपाटावर आदळलं आणि चाचपडत स्विच खाली ओढला.

ड्रम थांबला. गुंडाचा आवाज त्याच्या आधीच थांबला होता. धैर्यशीलनं हेडफोन काढला, फुटलेल्या दारातून बाहेर बघितलं आणि तेव्हा कुठं त्याला पट्ट्यात अडकलेला गुंडा दिसला.

गुंडा वाचला. हात मात्र खांद्यापासून काढावा लागला. जरा आधी पट्टा थांबला असता तर कोपरापर्यंत तरी राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. मानसिंगच्या कपाळाला सात टाके पडले, पण ते वाक्य त्याला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. त्यानं तसं बनुबाईला सांगितलं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातल्या खोलीचं दार हळूच वाजलं. मानसिंग गुंडाच्या उशाशी बसला होता. बनुबाईनं दार अर्धवट उघडलं. बाहेर धैर्यशील, हातात फळांची पिशवी, डोळे सुजलेले.

“बनुबाई, आत येऊ? काका हायत का?”

बनुबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

“दहा वाजल्यात, मालक. अकराला या.”

धैर्यशील तिच्या खांद्यावरून मानसिंगकडं बघत राहिला. मानसिंग उठला, दारापाशी गेला आणि कडी त्यानंच लावली.