नारळासकट उंची

आमच्या आगरी मसाल्याचे चाळीस खोके पॅलेटवर रचून, प्लास्टिक गुंडाळून मी आणि सासूबाई टेम्पोने कोलशेतहून आंबिवलीला, ऑनलाइन कंपनीच्या गोदामावर पोचलो. पहिलाच माल. गेटवरच्या साहेबांनी टेप लावली. "मॅडम, उंची चार इंच जास्त आहे. परत न्या."

मी तर तीनदा मोजलेली. वर चढून बघते, तर प्लास्टिकच्या आत हळदकुंकू लावलेला नारळ.

"पयला माल असाच कसा धाडायचा?" म्हणत सासूबाईंनी प्लास्टिक फाडलं, नारळ टेम्पोच्या चाकापुढे फोडला आणि पहिलं खोबरं साहेबांच्याच हातावर ठेवलं.

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. साहेबांनी खोबरं चावत पावती लिहिली: खोके चाळीस, मिळाले. नारळ एक, फुटलेला.