मधलं तांबं

दातेरी चक्रं तापवण्यासाठी बनवलेली कॉइल ग्राहकाकडच्या चाचणीत स्वतःच तापली आणि वीस मिनिटांत धुरकटली. आराखडा तिने काढला होता, आयुष्यातला पहिलाच. कॉइल गुंडाळली होती मामांच्या विभागात. मामा सख्खे, त्यांनीच तिला या कारखान्यात आणलं, तार सोलण्यापासून सगळं शिकवलं.

मामांचा अहवाल आला: तारेचा रोध आराखड्याबरहुकूम, गुंडाळणी निर्दोष. साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"म्हणजे आराखडाच चुकला. चार वाजेपर्यंत काही सांगायचं असेल तर सांग. नाहीतर उद्यापासून आराखडे दुसऱ्याकडे."

तिने अहवाल पुन्हा वाचला. खाली मामांच्या सुबक अक्षरात होतं, 'मोजणी: डीसी'. ती जागच्या जागी थिजली.

डीसी, म्हणजे एकाच दिशेने जाणारा प्रवाह, तारेच्या सगळ्या अंगातून सारखा वाहतो. पण ही कॉइल चालते सेकंदाला पन्नास हजार आवर्तनं करणाऱ्या प्रवाहावर, आणि असा प्रवाह तारेच्या कडेकडेनेच पळतो. "मधलं तांबं सरकारी बाबूसारखं," मामा म्हणायचे, "हजेरी लावतं, काम करत नाही." म्हणूनच तिने जाड तार न घेता केसाएवढ्या, लॅकर चढवून एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या शेकडो तारांचा पीळ मागितला होता.

जळकी कॉइल तिने त्याच पन्नास हजारांवर मोजली. रोध अहवालातल्या आकड्याच्या नऊपट. मग पात्याने वरची पट्टी कापली. आत पीळ नव्हताच. एकच जाड, भरीव तार होती.

कॉइल घेऊन ती मामांच्या टेबलापाशी गेली.

"मामा, चुकून झालं ना हे?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "पिळाची तार संपली होती. माल पाठवायची तारीख डोक्यावर. वाटलं, चालून जाईल."

"ते समजलं. पण मोजताना डीसी का लावलात?"

मामांनी चष्मा चढवला आणि टेबलावरचे कागद सारखे करायला घेतले.

"डीसीवर दोन्ही तारा सारख्याच दिसणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"हळू बोल. माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत गं. तुझं वय आहे, अक्कल आहे. एवढा एक ठपका तुला पचून जाईल."

समोर बसवून विचारलं असतं, तर तिने तो कदाचित घेतलाही असता. विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं.

तिने कॉइल उचलली.

"कुठे निघालीस? आईला काय सांगशील, तिच्या भावाला बुडवलंस म्हणून?"

"आईला तुम्हीच सांगा, मामा. मी साहेबांना फक्त दोन्ही आकडे दाखवणार आहे."

चार वाजायला दहा मिनिटं होती. साहेबांच्या दाराशी तिने कॉइल छातीशी धरली. मग तिने दार वाजवलं.