मिराबाईचं गोंदण

“मूळ फोटोला हात लावायचा न्हाई, पोरी. काय कारागिरी करायची ती नकलेवर कर. मूळ जसं हाय तसं राहू दे.”

दीक्षाचे सासरे जळबा हे कधी ओरडून सांगत नसत. शेजारी बसून, माऊसवरच्या तिच्या हाताकडे पाहत, हळूच सांगत. वारंगा फाट्यावरचा फोटो स्टुडिओ त्यांनीच थाटलेला. ते गेल्यावर दुकान मुलगा भीमराज आणि सून दीक्षा यांच्या अंगावर पडलं. सकाळी घरी बुद्धवंदना होऊन पाच शिलं म्हटल्याशिवाय दीक्षा दुकानाचं शटर वर करत नसे. आजही तिनं ती म्हटली होती. पण कॉम्प्युटरसमोर बसल्यापासून ती एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती.

पडद्यावर नुकतीच वारलेली मिराबाई होती. ऐंशीच्या घरातली, पांढऱ्या लुगड्यातली, शेजारच्या लग्नात जळबांनी बळंच खुर्चीवर बसवून टिपलेली. डोळे तेच, तोंडाचं बोळकं तेच. पण कपाळ नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखं कोरं होतं. भुवयांच्या मधली गोंदणाची उभी रेघ नाही, रेघेच्या दोन्ही अंगांचे ठिपके नाहीत, हनुवटीवरचा गोंदलेला तीळही नाही.

झालं होतं ते असं. दुकानातल्या फोटोंचा पार उकिरडा झाला होता. एका फोल्डरचं नाव ‘नवीन’, दुसऱ्याचं ‘नवीन दोन’, तिसऱ्याचं ‘हे खरं नवीन’. गिऱ्हाईक जुना फोटो मागायला आलं की नवराबायको अर्धा दिवस उपसत बसायची. म्हणून फोटो लावून ठेवणारं आणि सुधारणारं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि वापरून बघायला दोन उतरवली. एक धिम्या चालीचं होतं. ते प्रत्येक चेहऱ्याला नाव विचारायचं, आणि केलेली सुधारणा वेगळी ठेवायचं. मूळ फोटो त्याच्या जागी शाबूत. दुसरं चपळ होतं. ते आपणच चेहरे ओळखून गठ्ठे लावायचं, आणि एका बटणात साऱ्यांना उजळ, तुकतुकीत करून टाकायचं. दीक्षाचं मन पहिल्यावर होतं. भीमराज म्हणाला, लग्नसराई तोंडावर आली, नावं लिहीत बसलो तर नवरा-नवरीला लेकरं होतील तवा अल्बम द्यायचा का? ती हसली होती, आणि चपळ सॉफ्टवेअर राहिलं.

मग एका दुपारी त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली दोन बटणं. दुकानात गर्दी, पासपोर्ट फोटोला बसलेलं लेकरू रडत होतं. दीक्षानं ‘होय’ दाबलं. जुन्या फोटोंच्या जागीच सुधारलेले ठेवू का, असं ते विचारत होतं हे आज सकाळी कळलं. सॉफ्टवेअरला मुरूम, चट्टा, देवीचा वण आणि गोंदण यांतला फरक कळत नव्हता. साऱ्यांना त्यानं डागच मानलं, आणि पुसलं.

दीक्षानं कॉम्प्युटरची कचरापेटी पाहिली. जुनी डिस्क जोडली. ती भीमराजनं मागच्याच आठवड्यात रिकामी करून तिच्यात लग्नाचं शूटिंग भरलेलं. मिराबाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स मिळाली, तर तिच्यात कपाळाच्या जागी नुसता काळा धब्बा.

आणि मिराबाईची लेक आशाबाई येण्याच्या बेतात होती. उद्या मिराबाईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी. पाच दिवसांपूर्वी फोटो सांगायला आली तेव्हा याच बाकड्यावर बसून तिनं एकच मागणं केलं होतं, की आईला गोरीबिरी करू नका. दीक्षानं तिचा हात धरून शब्द दिला होता, “आशाताई, तुमच्या आईचा चेहरा हाय तसा देते.”

भीमराज आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि खुर्ची ओढली. त्याचा हात ब्रशवर बसलेला. त्यानं हिरवट निळा रंग घेतला, रेघ ओढली, दोन्ही अंगांना ठिपके दिले, कडा जराशा विस्कटल्या. हनुवटीवर तीळ ठेवला. बघता बघता मिराबाई पुन्हा गोंदलेली झाली.

“ठिपके किती होते?” दीक्षानं विचारलं.

“कोन मोजून ठेवलेत? म्हाताऱ्या बायांचं सारखंच असतंय.”

“सारखं नसतंय हो.”

“मंग काय सांगू तिला? मशिननं तुझी आई पुसली म्हनू? उद्या सारा फाटा आपल्या दुकानाकडं पाठ फिरवंल.” त्याचा आवाज चढला नाही, पण मानेची शीर ताठली. तिला त्याचाही राग येईना. बापाचं दुकान होतं ते.

त्यानं प्रिंट काढली, फ्रेममध्ये बसवली, काच पुसली. तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या.

आशाबाई पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली बाई. फ्रेम हातात घेऊन ती दारातल्या उजेडात गेली. तिथं तिनं ती कलती करून निरखली. दीक्षाला वाटलं, आता ओळखेल, आता विचारेल. विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

पण आशाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि फ्रेमवरून बोटं फिरवली. “व्हय बाई. आईच हाय. गोंदण बी कसं झ्याक दिसून राहिलं.”

भीमराज काउंटरवरचे कागद आवरायला लागला. फ्रेम गुंडाळायला त्यानं जुना पेपर पुढे केला. गुंडाळलेली फ्रेम घेऊन आशाबाई पायरी उतरेपर्यंतच काय तो अवकाश होता. नंतर उद्यापासून त्या घराच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, भीमराजच्या हातचं गोंदण मिराबाईच्या नावानं राहणार होतं, आणि नातवंडं तेच खरं धरणार होती.  दीक्षानं सकाळी जे ओठांनी म्हटलं, ‘खोटं बोलणार नाही’, ते आता जिभेवर येऊन बसलं होतं.

“आशाताई,” ती म्हणाली, “ते गोंदण आमी काढलेलं हाय.”

भीमराजचा हात पेपरवरच थांबला.

“म्हंजी?” आशाबाईनं विचारलं.

“तुमच्या आईचं पुसलं गेलं. नवं सॉफ्टवेअर घेतलं, त्यानं डाग समजून पुसलं. बटण मी दाबलं होतं. हे अंदाजानं काढलंय.”

आशाबाई बाकड्यावर बसली. तिनं फ्रेम पुन्हा वर धरली, लांबून पाहिली, जवळून पाहिली. रागावली असती तरी बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

“मला बी कळलं न्हाई,” ती पुटपुटली. “जल्मभर तोंडापुढं होतं, अन् मला कळलं न्हाई. म्या कधी मोजलंच न्हाई.”

रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. मग ती फ्रेमकडे बघतच बोलली. “माझी सून म्हनायची, आजी, दवाखान्यात जाऊन काढून टाका ते. आई म्हनायची, सगळं हितंच ऱ्हातं, येवढंच संगं येतं. अन् तुमी तेवढंच काढलं व्हय?”

 भीमराज हलक्या आवाजात म्हणाला की चूक दुकानाची आहे, एकट्या दीक्षाची नाही. सॉफ्टवेअर त्यानंच निवडलं. आशाबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मिराबाईचा दुसरा फोटो कुठं असेल का, घरात, पाहुण्यात, कोणाच्या मोबाईलमध्ये, असं दीक्षानं विचारलं. आशाबाईनं मान हलवली. आई फोटोला उभीच राहायची नाही. मग ती थांबली, आणि नको असलेला घास गिळावा तसं बोलली. आईची धाकटी बहीण, चतुराबाई, हिंगोलीपलीकडच्या गोरेगावला दिलेली. लहानपणी दोघींना एकाच जत्रेत, एकाच गोंदणारणीनं, एकीच्या मांडीवर एकीला धरून गोंदलं होतं. एकसारखं. आई सांगायची.

“पन माहेरच्या वावरावरून बोलनं तुटलेलं दोघींचं. मातीला बी आली न्हाई मावशी. म्या काही तिच्या दारात जायची न्हाई.”

“मी जाते. त्यांच्या गोंदणाचा फोटो आणते,” दीक्षा म्हणाली.

“माझं नाव घ्यायचं न्हाई तिथं.”

“विचारलं न्हाई तर सांगणार न्हाई. विचारलं तर खोटं बोलणार न्हाई.”

आशाबाईनं तिला डोळ्यानं मापलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फ्रेम बाकड्यावर पालथी ठेवली आणि उठली. पायरीवरून एवढंच बोलली, की भंतेजी उद्या दहाला विधीला येतात.

ती गेल्यावर भीमराजनं काउंटरला टेकून शंका काढली. हिंगोली गाठायची, तिथून गोरेगावची जीप, आणि म्हातारीनं दार लावून घेतलं तर? दीक्षा म्हणाली, तर उद्या गोंदणाविना फोटो द्यायचा, आणि का ते साऱ्यांदेखत सांगायचं. तो कसंनुसं हसला, पण हसू कडूच होतं.

“तवर मी काय करू?”

“ते धिम्या चालीचं बसवा. हे काढा.”

“दर चेहऱ्याला नाव विचारत बसंल ते.”

“विचारू द्या.”

त्यानं कॅमेऱ्याची बॅटरी चार्जरवरून काढून तिच्यापुढे सरकवली. दीक्षानं ती कॅमेऱ्यात बसवली, बॅग खांद्याला अडकवली, पदर डोक्यावर घेतला आणि रस्ता ओलांडून हिंगोलीकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं जाऊन उभी राहिली.