हवेचा विरोध

केशवराव गुरुजींनी फळ्यावरचं समीकरण तळव्याने पुसलं आणि तेच समीकरण पुन्हा तिथंच लिहिलं.

"गुरुजी, हेच तर होतं," चंद्रकला म्हणाली.

"अक्षर बरोबर नव्हतं."

उंचावरून दगड पडतो आहे. हवा त्याला अडवते. दगड जितका वेगात, तितकी जास्त अडवते. अमुक वेळाने त्याचा वेग किती? पुस्तकातला प्रश्न एवढाच. पण वेग काढायचा तर त्वरण हवं, आणि त्वरण काढायचं तर वेग हवा. गुरुजी इथून तिथं जात, तिथून इथं येत. शेवटच्या पानावर छापलेल्या उत्तरात कुठून तरी 'ई' हे अक्षर उगवलं होतं, डोक्यावर उणे चिन्ह घेऊन. ते कुठून आलं हे घरापुढच्या सपरीत बसलेल्या दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पक्ष

चंद्रकला बारावी झाली होती. गणिताचे सर दिवाळीनंतर बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत. कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, सूत्रं तिने देवाच्या आरतीसारखी पाठ केली आणि पास झाली. आता तिला बी.एस्सी.ला फिजिक्स हवं होतं, आणि फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पहिल्या धड्यापासून ते कलनच आडवं येत होतं.

भंडाऱ्याला एक तरुण प्राध्यापक शिकवणी घेत. तिच्या बापाने, तेजरामने, ती वाट बंद केली.

"परक्या पोराच्या खोलीत माही पोरगी बसणार नाही. आपले गुर्जी हायेत ना? माहं गणित त्याइनंच पक्कं केलं."

त्या गणितात हौद होते, नळ होते, एकमेकांना ओलांडणाऱ्या आगगाड्या होत्या.

साध्य

"गुर्जी म्हणतीन तयार हाय, तं कॉलेजात पाठवतो," तेजराम म्हणाला होता. "नाही म्हणतीन, तं साकोलीची सोयरीक."

म्हणजे गुरुजींना 'मला येत नाही' हे म्हणायची सोयच उरली नव्हती. त्याचा तेजरामच्या घरी एकच अर्थ निघाला असता : गुर्जीलेच येत नाही, तं पोरीले काय येईन?

रचना

रोज दुपारी दार लोटून गुरुजी पुढचा धडा वाचत. इंग्रजी, शब्दकोश, पुन्हा इंग्रजी. घामाचे थेंब पानावर पडत.

"या वयात बारावीले बसून राहिले का जी?" गुरुजींच्या पत्नी रत्नाबाई पाण्याचा गडवा ठेवत म्हणायच्या. "पयले पोरगी पास होते का तुमी, पाहू."

गुरुजी हसायचे. मे महिनाभर ते चंद्रकलेच्या एक धडा पुढे होते. मग बरोबरीला आले. जून लागला तेव्हा, कधी ते त्यांनाही कळलं नाही, ती पुढे निघून गेली होती. आणि आता या दगडापाशी येऊन तीही थांबली होती.

सिद्धता

फाटकाशी सायकल वाजली. तेजराम थेट धानाच्या बांधीतून आला होता. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.

"उद्या कॉलेजच्या फारमाची आखरी तारीख हाय, गुर्जी. आज आपल्या डोळ्यानं पाहूनच जातो. चालू द्या तुमचं."

तो खांबाला टेकून बसला. तंबाखू मळायची राहून गेली, इतका तो फळ्याकडे बघत होता.

गुरुजींनी खडू उचलला. समीकरणाच्या खाली बरोबरचं चिन्ह काढलं. ते थोडं वाकडं आलं, म्हणून त्यावरून पुन्हा खडू फिरवला. पुढे काही आलं नाही.

"काय जी, अडलं का काही?"

चंद्रकला उठली.

"मी करतो, गुरुजी. पयले हवा नाही धरत. पाच सेकंदांनी वेग किती?" तिने त्यांच्या बोटांतला खडू सोडवून घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्याने बोलत लिहिलं, "नऊ पॉइंट आठ गुणिले पाच. चोपन."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. ती फळ्याकडेच तोंड करून उभी होती. खडू चोपन्नच्या चारावर टेकलेला, हलत नव्हता.

मग गुरुजींच्या आवाजाने सपरी दणाणली.

"चोपन? एकोणपन्नास! पाढे विसरली? फिजिक्स करायले निघाली!"

"चुकलं, गुरुजी."

तेजराम खुशीत मांडीवर थाप मारून उठला.

"असंच पाह्यजे जी! आमचेबी कान असेच पिळत होते तुमी. अजून काय पाहू मी? उद्या पयल्या गाडीनं भंडाऱ्याले जातो हिले घेऊन." त्याने वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला.

गुरुजींनी पाय मागे घेतले, पण तोवर हात लागला होता.

सायकल गेली. चंद्रकलेने कोपऱ्यातला गुणाकार ओढणीने पुसला. वर समीकरण होतं, खाली बरोबरचं जाड चिन्ह.

"कायले केलं तू असं?" गुरुजींनी हळूच विचारलं.

तिने खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"तुमी अडले, तं मी चुकली. तिथं कॉलेजात मी अडली, तं माह्यासाठी कोण चुकन जी?"